धान्याचं औषध बोथट होऊ देऊ नका

झाड वाचवा, खाडी वाचवा, तिवरं वाचवा ही आवाहनं आपल्या चारकोपला नवी नाहीत. आजची विनंती मात्र जरा चमत्कारिक वाटेल. ती एका विषारी वायूसाठी आहे. त्याचं नाव फॉस्फिन. लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास, माणसाला जीवघेणा, आणि तरीही आपल्या रोजच्या भात-पोळीचा राखणदार. रेशनचा तांदूळ असो की वाण्याकडचा गहू, मोठ्या गोदामातून आलेल्या धान्याला वाटेत कुठेतरी या वायूची धुरी बहुधा दिलेली असते. ती दिली नाही तर पावसाळ्यानंतर पोत्यात दाण्यांऐवजी भुसा आणि भुंगेरे उरतील.

या वायूची किड्यांवरची धार कमी होत चालली आहे. धान्यातले भुंगेरे त्याला दाद देईनासे होत आहेत. त्याच्या जागी बसवता येईल असं स्वस्त, सर्वत्र वापरता येणारं दुसरं औषध आज आपल्याकडे नाही. हा प्रश्न शास्त्रज्ञांचा आणि सरकारी गोदामांचा आहेच. पण धार बोथट करण्यात दुकानदार, गिरणीवाला, औषध फवारणारा कंत्राटदार आणि आपण गिऱ्हाईक यांचाही हात असतो. म्हणून हा लेख.

चारकोपचा काय संबंध?

चारकोपला आज कोणी शेती करत नाही. गावठाणाच्या आजूबाजूची जमीन १९८० च्या दशकात म्हाडाच्या वसाहतीखाली आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेली, छोट्या छोट्या भूखंडांची ही योजना. सेक्टर पडले, भिंतीला भिंत लागून घरं उठली, वर मजले चढले. पीक गेलं, पण पीक खाणारा किडा कुठे गेला नाही. तो आता शेतातून नव्हे, पोत्यातून येतो.

त्याच्या येण्याच्या वाटा तीन. पहिली रेशनची आणि वाण्याची: बोरिवली पूर्वेला, आपल्यापासून काही किलोमीटरवर, भारतीय अन्न महामंडळाचं गोदाम आहे, आणि अशा लहानमोठ्या गोदामांतून धान्य दुकानांत पोचतं. दुसरी वाट गावाकडची: कोकणातून कुळीथ, चवळी, उकडा तांदूळ, घाटावरून ज्वारी, हरभरा, एसटीच्या टपावरून किंवा मामाच्या टेम्पोतून आलेलं गाठोडं. तिसरी वाट गिरणीची: दळण नेलं शुद्ध आणि आणलं ते आदल्या गिऱ्हाइकाच्या किड्यांसकट. आपल्याकडचा पावसाळ्यातला दमटपणा आणि बारमाही ऊब त्यांना फार मानवते. थंड मुलखात हिवाळा किड्यांची वाढ थांबवतो. मुंबईत तशी सुटी त्यांना मिळतच नाही.

डब्यात कोण कोण राहतं

शत्रू एक नाही, आणि प्रत्येकाचा जन्म वेगळ्या रीतीने होतो. हे समजल्याशिवाय औषध कुठे चुकतं ते कळणार नाही.

तांदळात दिसतो तो सोंड्या, ज्याला घराघरांत टोका किंवा पोरकिडा म्हणतात. जेमतेम तीन मिलिमीटरचा तपकिरी-काळा जीव, पुढे लांबट सोंड. मादी या सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. वरून दाणा अगदी धड दिसतो. आत पाय नसलेली पांढरी अळी दाणा पोखरत वाढते, आतच कोष होते आणि साधारण महिन्याभराने नवा सोंड्या दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेच्या घरात अंडी घालते. जून महिन्यात डब्यात एक जोडी शिरली, आणि तिच्या पिलावळीतली दहात एकच जगली असं धरलं, तरी सप्टेंबरअखेर तिसऱ्या पिढीत सहा हजारांवर किडे होतात.

गव्हात आणि भातात राहतो तो दाण्यातला छोटा भुंगेरा. लांबट, नळीसारखा, डोकं खाली वळवून छातीखाली लपवलेलं. त्याची मादी अंडी दाण्यांच्या मधे मोकळी घालते. अळी बाहेर येते आणि दाण्यात घुसते. याच्यात अळीही खाते आणि मोठा भुंगेराही खातो, म्हणून गव्हाच्या पोत्याच्या तळाशी पिठाचा थर साचतो.

पिठात, रव्यात, मैद्यात सापडतो तो तांबडा भुंगेरा. धड दाणा त्याला फोडता येत नाही. तो फुटक्या दाण्यांवर, कोंड्यावर, पिठावर जगतो. म्हणून सोंड्याने दाणा फोडला की मागून हा येतो. मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते, अंडी चिकट असल्याने त्यांना पीठ लागतं आणि ती दिसतच नाहीत. उन्हाळ्याच्या उष्म्यात अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास तीन ते चार आठवड्यांत संपतो, आणि मोठा भुंगेरा वर्षभर किंवा त्याहूनही जास्त जगू शकतो. संख्या वाढली की तो जे रसायन सोडतो त्याने पिठाला गुलाबी झाक आणि कुबट वास येतो. ते पीठ चाळून वापरण्याच्या लायकीचं राहिलेलं नसतं. या भुंगेऱ्याला जगभरच्या प्रयोगशाळांत मोठा मान आहे: २००८ साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला असा तो पहिला भुंगेरा.

चवळी, मूग, हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी. ही कीड पुष्कळदा शेतातच शेंगेवर सुरू होते आणि दाण्याबरोबर घरी येते. मोठा भुंगेरा जवळजवळ काही खात नाही, दहा-बारा दिवस जगतो, तेवढ्यात अंडी घालून मरतो. सारा नाश अळी करते, दाण्याच्या आत बसून.

पाचवा खापरा, सगळ्यांत चिवट. त्याची केसाळ अळी गोदामाच्या भिंतींच्या फटींत शिरून, खायला नसलं तरी, झोपल्यासारखी वर्षानुवर्षं टिकू शकते. हा मूळचा आपल्याच उपखंडातला. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश बंदरात याची एक अळी सापडली तरी अख्खा माल अडवतात.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. डोळ्यांना दिसतात ते किडे म्हणजे कुटुंबातले थोडे. अंडी, अळ्या आणि कोष दाण्यात किंवा पिठात दडलेले असतात. डब्यात दहा सोंडे दिसले आणि ते वेचून फेकले, तर महिन्याने पुन्हा दिसणारच. ते नव्याने आलेले नसतात, तिथेच जन्मलेले असतात.

वायू काय करतो

दाण्याच्या आत दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. वायू पोचतो. फॉस्फिनची खरी किंमत यातच आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची गोळी हवेतला ओलावा शोषते आणि साधारण एक ग्रॅम फॉस्फिन सोडते. पोत्यांच्या थप्पीवर जाड प्लास्टिकचं आच्छादन घालून, जमिनीलगतच्या कडांवर वाळूच्या लांब पिशव्या ठेवून थप्पी बंद केली की वायू पोत्यांत, दाण्यांत, अळीच्या श्वासात शिरतो आणि तिच्या पेशींतली ऊर्जानिर्मिती बंद पाडतो. थप्पी उघडून हवा खेळवली की वायू निघून जातो. ही धुरी स्वस्त आहे, नीट दिली तर धान्याची चव, रंग बिघडवत नाही, आणि जगातल्या साठवणीच्या धान्याचा मोठा भार तिच्यावरच आहे.

पण तिला वेळ लागतो. चालत्या-फिरत्या किड्याला हा वायू लवकर मारतो. अंडी आणि कोष मात्र कमी श्वास घेतात आणि बराच काळ तग धरतात. अंडं फुटून अळी बाहेर येईपर्यंत, कोषातून भुंगेरा निघेपर्यंत वायू आत टिकला पाहिजे. म्हणून आठवडाभर थप्पी घट्ट बंद राहायला हवी. दोन दिवसांत उघडली, किंवा आच्छादन फाटकं असलं, तर मोठे किडे मेलेले दिसतात, मालक खूश होतो, आणि अंडी जिवंत राहतात.

चिवटपणा इथून सुरू होतो. किडा औषधाला सरावतो असं आपण सहज म्हणतो, पण तसं होत नाही. कोणताही एक किडा आपल्या हयातीत चिवट बनत नाही. हजारांमध्ये एखादा जन्मतःच चिवट असतो, आणि अर्धवट औषध बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान देतं. हिशेब मांडून पाहा. समजा एका थप्पीत एक लाख किडे आहेत, त्यांतले शंभर चिवट. वायू पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस दिला तर साधेही मरतात आणि, अजून तरी, बहुतेक चिवटही मरतात. अर्धवट दिला तर ९९,००० साधे मरतात. ९०० साधे आणि शंभरच्या शंभर चिवट उरतात. आधी हजारात एक चिवट होता, आता दहात एक आहे. ते आपसांत जुळतात, आणि महिन्याने येणारी पिढी वेगळीच असते. वर्षात अशा कितीतरी पिढ्या होतात.

धोक्याची घंटा कधीच वाजली आहे

हे भाकीत नव्हे, झालेला इतिहास आहे. १९७२-७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने जगभरातून धान्यकिडी गोळा करून तपासल्या. फॉस्फिनला दाद न देणारे किडे तेव्हा साधारण दहा टक्के नमुन्यांत मिळाले होते. त्याच पाहणीत मॅलॅथिऑन या फवारणीच्या औषधाला तांबडा भुंगेरा जगात जागोजागी निर्ढावलेला आढळला. पुढे १९९० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतून भारतातल्या धान्यकिडींमधल्या फॉस्फिनविरोधी चिवटपणाचे अहवाल आले.

२०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या चिवटपणाचं एक मूळ शोधलं: पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका विकरात झालेला छोटासा बदल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या किडींमध्ये याच विकराचा एक असा प्रकार आढळला, जो पेशीकेंद्र असलेल्या इतर कोणत्याही सजीवात तोवर दिसला नव्हता. म्हणजे आपल्या गोदामांतला किडा स्वतःच्या वाटेनेही चिवट होतो आहे. त्यासाठी निर्यात-आयातीला बोल लावायची गरज नाही. हे आपणच घडवतो आहोत.

याच संशोधनात एक आशेची बाबही आहे. तीव्र चिवटपणाला दोन वेगवेगळ्या जनुकांतले बदल लागतात, आणि ते दोन्ही बदल आई आणि बाप दोघांकडूनही मिळावे लागतात. तसे मिळाले तर किडा शेकडो पट मात्रा पचवतो. एकाच बाजूने आले तर फारसा उपयोग होत नाही. चिवट किड्याचा जोडीदार साधा असला की पोरं बहुतांशी वायूने मरणारीच निपजतात. साधे, औषधाने मरणारे किडे भरपूर उरणं ही म्हणूनच आपली ठेव आहे. जिथे तिथे, गरज नसताना, अर्धवट वायू देऊन आपण ती ठेव उडवतो.

पर्याय कुठे आहे?

"हे गेलं तर दुसरं येईल" असं कोणी म्हणेल. मागे वळून पाहू. एकेकाळी धान्याच्या गोदामांत बीएचसी पावडर वापरात होती; ती १९९७ मध्ये देशात बंद झाली. कोठीत काचेच्या कुप्या फोडून वापरायचं ईडीबी २००१ मध्ये बंद झालं. मॅलॅथिऑन अनेक ठिकाणी निष्प्रभ झालं. मिथाइल ब्रोमाइड हा जलद काम करणारा वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांतही २०१५ पर्यंत, विलगीकरण आणि जहाजी मालाचे अपवाद सोडून, हटवायचा होता. गोदामांत फवारला जाणारा डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झाला. प्रत्येक औषध जाण्याला आरोग्याचं, पर्यावरणाचं किंवा चिवटपणाचं रास्त कारण होतं. फळी मात्र रिकामी झाली. सल्फ्युरिल फ्लोराइड नावाचा वायू परदेशात वापरतात, पण तो महाग आहे आणि अंड्यांवर कमजोर पडतो. कार्बन डायऑक्साइड किंवा हवाबंद पिशव्या उपयोगी आहेत, पण लाखो टनांचा डोलारा एका रात्रीत त्यांवर उभा राहणार नाही.

औषध गमावल्याची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच मोजली आहे. बीटी कापसाच्या बियाण्याबरोबर साध्या कापसाचं वेगळं पाकीट मिळायचं. ते कडेने पेरलं तर साध्या अळ्या तग धरतील आणि त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळून चिवटपणा पातळ करतील, असा त्यामागचा विचार होता. बहुतेकांनी ते पाकीट पेरलं नाही. प्रत्येकाला वाटलं, माझ्या दोन ओळींनी काय होणार? २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडं पोखरली. त्याच हंगामात फवारणीच्या विषाने यवतमाळात शेतकरी आणि मजूर दगावले.

उलट दाखलाही महाराष्ट्रातलाच आहे. ऊसाच्या पट्ट्यात हुमणी म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून, दिव्याचे सापळे लावून भुंगेरे गोळा करून मारायचे असतात. एका शेतकऱ्याने केलं तर काही होत नाही, कारण शेजाऱ्याच्या बांधावरचे उडून येतात. गावाने एकाच आठवड्यात मोहीम काढली तर पुढच्या वर्षीची हुमणी कमी होते. चारकोपने याच रीतीने चालायचं आहे.

घरात गोळी आणू नका

सगळ्यांत आधी जीवाची गोष्ट. धान्यात ठेवायची "गोळी" म्हणून जी वस्तू गुपचूप हातोहात दिली जाते, ती पुष्कळदा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच असते. कायद्याने ती सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठी आहे. तीन ग्रॅमच्या दहा-वीस गोळ्यांच्या नळ्या २००१ पासून बंद आहेत. या विषावर उतारा नाही. वायू हवेपेक्षा थोडा जड आहे, तो फटींतून, नळाच्या भोकांतून, छतातून शेजारच्या घरात जातो. भिंतीला भिंत लागलेल्या आपल्या वसाहतीत एका घरातल्या गोळीने दुसऱ्या घरातलं झोपलेलं मूल दगावू शकतं. देशात अशा बातम्या आल्या आहेत, त्यांत चारकोपचं नाव यायला नको.

त्यात गंमत अशी की, घरातल्या डब्यात गोळी ठेवली तर कामही होत नाही. डबा हवाबंद नसतो, दिवस पुरत नाहीत, मात्रा कोणी मोजत नाही. दिसणारे किडे मरतात, अंडी उरतात, आणि घरोघर चिवट किडे तयार होण्याची शाळा भरते. किडीसाठी धान्याला लावली जाणारी बोरिक पावडरही अन्नात मिसळायचा पदार्थ नव्हे. पोळीच्या पिठात ती जाऊ नये.

घरी काय करायचं

आपल्या आजीकडे याची उत्तरं होती, आणि ती औषधाला धक्का न लावणारी होती. अगोटची बेगमी करताना गहू-ज्वारी उन्हात पसरायची, पाखडायची, निवडायची, कडधान्याला एरंडेलाचा हात लावायचा, राखेत घोळवायचं, कणगीत बिब्बे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. सगळे उपाय सारखे गुणकारी नाहीत. पण ऊन, चाळणी आणि थंडी या तिघांचं एक वैशिष्ट्य आहे: ती साधा किडा आणि चिवट किडा असा भेदभाव करत नाहीत. दोघांनाही सारखंच मारतात. म्हणून त्यांच्यामुळे चिवटपणा वाढत नाही.

एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर धान्य पातळ पसरा. वाळलेल्या दाण्यात, दहा टक्क्यांहून कमी ओलावा असला तर, सोंड्याची वाढ जवळजवळ थांबते. थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गावाहून आलेली चवळी, मूग, कुळीथ थोडे थोडे करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवा, मग काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दमटपणा धरणार नाही. रवा आणताच भाजून ठेवायची आपली रीत शास्त्रशुद्ध आहे, ती सोडू नका. पावसाळ्यात वर्षाचं नको, महिन्याचंच धान्य घ्या. जुन्या धान्यावर नवं ओतू नका. डबा रिकामा करा, धुवा, उन्हात वाळवा, मग भरा. फडताळाच्या फटींत सांडलेलं पीठ हे तांबड्या भुंगेऱ्याचं घर आहे, ते ब्रशने काढा. किडकं धान्य कबुतरांना किंवा गच्चीवर टाकू नका. पिशवी घट्ट बांधून आधी गोठवा, मग ओल्या कचऱ्यात द्या.

दुकान, गिरणी, सोसायटी

वाणीदादांनो, आधी आलेला माल आधी विका. पोती भिंतीला आणि जमिनीला न टेकता फळ्यांवर ठेवा. मधली फट झाडता आली पाहिजे. किडलेलं पोतं चांगल्याच्या थप्पीत मिसळू नका. दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतः गोळ्या टाकू नका. वायू द्यायचाच असेल तर परवानाधारक माणसाकडून, माणसांचा वावर नसलेल्या, सील केलेल्या जागेत, पूर्ण दिवस, आणि वर घर नसेल तरच. नाहीतर चाळणी आणि ऊन यांवर भागवा.

गिरणीवाल्यांनो, पट्ट्याखाली, जात्यात, कापडी नळीत साचलेलं पीठ रोज संध्याकाळी काढलंत तर आसपासच्या घरांत जाणारे पुष्कळ किडे तुमच्याकडेच थांबतील. ती नळी आठवड्याला धुवून उन्हात टाका.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, कीडनियंत्रणाचं कंत्राट देताना फक्त भाव विचारू नका. कोणतं औषध, कोणत्या गटाचं, किती दिवसांनी, हे लिहून घ्या. वर्षानुवर्षं तेच एक औषध फवारलं तर झुरळंही चिवट होतात आणि धान्यातले किडेही. धान्य साठवलेल्या खोल्यांत फवारणी होऊ देऊ नका.

रेशनच्या दुकानात किडकं धान्य मिळालं तर गप्प बसून घरी आणू नका. दुकानातल्या तक्रारवहीत लिहा, शिधावाटप कार्यालयात कळवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्य हा आपला हक्क झाला आहे, आणि खाण्यालायक धान्य हाच त्याचा अर्थ. तक्रार करताना दोष कोणा एकाच्या माथी मारायचा नाही. प्रश्न विचारायचा: धुरी कधी दिली, किती दिवस ठेवली, वायूची मात्रा मोजली का? असा प्रश्न वारंवार कानी पडला की दोन दिवसांत थप्पी उघडायची घाई आपोआप कमी होते.

सरकारकडे एकच मागणं

१९६० च्या दशकात, देश परदेशी गव्हावर जगत असताना, केंद्र सरकारने "धान्य वाचवा" मोहीम चालवली होती. घरोघरी, गावोगावी साठवणीचं शिक्षण दिलं जायचं, धातूच्या कोठ्या दाखवल्या जायच्या. ती मोहीम शहरी, आजच्या रूपात परत हवी. सोबत दर वर्षी गोदामांतल्या, गिरण्यांतल्या, बाजारातल्या किडींचे नमुने घेऊन त्यांची चिवटपणाची तपासणी व्हावी आणि तिचे निकाल जाहीर व्हावेत. ऑस्ट्रेलियात अशी नियमित तपासणी होते, आणि चिवट किडा दिसला की त्या गोदामाची धुरी बदलली जाते. आपण दरडोई तांदूळ त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त खातो. आपल्याला त्याची गरज जास्त आहे.

तोपर्यंत आपण वाट बघत बसायचं नाही. गणेशोत्सवात चारकोपची मंडळं देखावे उभारतात, फलक लावतात. या वर्षी एका फलकावर सोंड्या, तांबडा भुंगेरा आणि चवळीवरची पांढरी अंडी यांची मोठी चित्रं लावा, शेजारी "घरात गोळी नको, ऊन द्या" एवढंच लिहा. महिला मंडळांनी मे महिन्यातला एक रविवार ठरवून प्रत्येक सेक्टरच्या गच्चीवर एकाच दिवशी धान्याला उन्हं द्यावीत. शाळांच्या विज्ञान शिक्षकांनी मुलांना घरचा एक किडका दाणा फोडून आतली अळी भिंगाखाली दाखवावी.

औषध संपलं की ते परत आणता येत नाही. किड्याच्या जनुकांतली चिवटता एकदा पसरली की ती हुकूम काढून मागे घेता येत नाही. फॉस्फिन अजून चालतं आहे, ते आपल्या नातवंडांच्या रेशनलाही चालावं असं वाटत असेल तर आजच घरातली ती गोळी बाहेर काढा. तिला पाणी लावू नका, ती उघडू नका, बंद पाकिटातच परवानाधारक कीडनियंत्रकाच्या हवाली करा. आणि उद्या सकाळी धान्याचा डबा गच्चीवर न्या.